खुर्ची बिघडवून मिळेल का?

मोडकी खुर्ची दुरुस्त करून देणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. चांगली धडधाकट खुर्ची बिघडवून देणारा माणूस शोधायला निघालं, की मग आपण कोणत्या जगात राहतो ते कळतं. मापेसाहेबांना ते निवृत्तीनंतर कळलं. त्यांनी जन्मभर वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केली, दुकानदारांचे तराजू तपासले, पोकळ वजनं जप्त केली. त्यावरूनच लोकांनी त्यांना मापेसाहेब म्हणायला सुरुवात केली होती. अशा माणसावर एका सुतारापुढे उभं राहून, इकडेतिकडे बघत, ‘थोडी खोट घालून द्या हो,’ असं म्हणायची पाळी आली. नियतीला विनोदबुद्धी आहे असं म्हणतात. असेलही, पण ती नेमकी सभ्य माणसांवरच का चालवते, हा प्रश्न उरतो.

या सगळ्याचं मूळ बाईंच्या पोटात होतं. बाई म्हणजे मापेसाहेबांची बायको. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. मापेसाहेबही त्यांच्या माघारी बाईच म्हणत आणि समोर ‘अगं’ म्हणताना आवाज जरा खाली आणत. बाईंच्या आतड्याला कॅन्सर झाला होता. सर्जनने तेवढा भाग कापून काढला, आणि जोडलेल्या आतड्याला विश्रांती मिळावी म्हणून पोटावर एक तोंड काढून तिथे पिशवी लावली. काही महिन्यांनी तोंड बंद करायचं, पिशवी काढून टाकायची, तोवर ही तात्पुरती सोय. बाईंनी शुद्धीवर आल्यावर सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्या सोयीचं नाव ठेवलं, भाडेकरू. म्हणाल्या, “मुदतीचा करार आहे ना? मग मुदत संपली की जागा खाली करायची. कुरबूर चालणार नाही.”

पण भाडेकरू पहिल्यांदा कुरबूर करीना, हीच तेव्हा काळजीची गोष्ट होती. ऑपरेशननंतर आतडं झोपी जातं. सर्जन रोज सकाळी यायचा, पोटाला नळी लावून ऐकायचा आणि “अजून नाही,” म्हणून निघून जायचा. मापेसाहेब खाटेशेजारच्या स्टुलावर कान देऊन बसलेले असायचे. तराजूचा काटा हलतो की नाही ते त्यांना लांबून दिसत असे, पण इथे नुसती पांढरी चादर होती. मग एका दुपारी चादरीखालून आवाज आला. घुर्रर्र, आणि शेवटी एक छोटंसं पुक्. सिस्टर धावत आल्या, त्यांनी सर्जनला बोलावलं, आणि त्याने “वा!” म्हणून मापेसाहेबांचा हात हातात घेतला. मापेसाहेब व्हरांड्यात गेले आणि हात कसे धुवावेत याची भिंतीवरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. अक्षरं धूसर दिसत होती. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

घरी आल्यावर मात्र भाडेकरूला कंठ फुटला. त्यातून त्याची वागणूक अशी, की घरात रेडिओ लागलेला असला की मुका आणि दारात माणूस येऊन दोन मिनिटं शांतता झाली की सुरू. बाईंनी दार उघडणं सोडलं. लोकांना एवढंच माहीत होतं की पोटाचं ऑपरेशन झालं आहे. पिशवीचं कुणाला ठाऊक नव्हतं आणि ते कळू द्यायचं नाही, असा बाईंचा हुकूम होता. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी शनिवार सोडला. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात बाई एक कादंबरी मोठ्याने वाचून दाखवत. सगळे त्यासाठी यायचे. बाई बसल्या, चष्मा चढवला, की सभागृह असं गप्प व्हायचं की पंख्याची दोरी हललेली ऐकू यावी. ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी त्या अशा जागी थांबल्या होत्या की रात्री दारावर थाप पडते आणि नायिका कडी काढायला उठते. तेव्हापासून नायिका उठून उभीच होती.

“तू गेलीस तर बरं वाटेल तुला,” मापेसाहेब म्हणाले.

“त्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते हो. आणि हा काय टाचणी आहे?”

पिशवीची माहिती द्यायला येणाऱ्या सिस्टरनी एक उपाय सांगितला होता. आवाज येतोय असं वाटलं की तळहात हलकेच दाबून धरायचा, आवाज दबतो. त्यावर बाईंचं म्हणणं, एका हातात पुस्तक, दुसऱ्याने पान उलटायचं, आता तिसरा हात कुणाचा आणू? मापेसाहेब स्वतःचा हात द्यायला तयार होते, पण सभागृहात ते कसं दिसलं असतं याचा विचार करून गप्प बसले.

बाई खिडकीशी बसून राहायच्या. जेवायच्या, औषधं घ्यायच्या, विचारलं तर उत्तर द्यायच्या. ज्या बाईने आयुष्यभर घरातल्या कॅलेंडरलासुद्धा शिस्त लावली, ती नुसती हो-नाही करते हे पाहून मापेसाहेबांना घर खायला उठायचं. ऑपरेशनने कॅन्सर काढला आणि त्याच्याबरोबर बाईही काढून नेल्या की काय, असं त्यांना वाटू लागलं होतं.

अशात एक दिवस शेजारचे दुरुस्तीकाका न बोलावता आले. दुरुस्तीकाका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले तरी पाना त्यांच्या खिशातच असे, आणि दुसऱ्याच्या घरातली वस्तू बिघडलेली दिसली की त्यांना जेवण गोड लागत नसे. ते कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी खुर्चीवर बसले आणि तब्येतीची चौकशी करायला तोंड उघडणार, तोच भाडेकरू बोलला. चांगला खर्जात बोलला. दुरुस्तीकाका ताडकन उठले.

“माफ करा हं बाई. मी जरा जोरात बसलो वाटतं.” त्यांनी वाकून खुर्चीच्या पोटाखाली बघितलं. “सांधे गेलेत हिचे.”

“जुनी आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “कुरकुरते.” आणि आत गेल्या.

स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं. मापेसाहेबांनी ते कित्येक आठवड्यांनी ऐकलं होतं, म्हणून आधी त्यांना काहीतरी सांडलं असंच वाटलं.

दुरुस्तीकाका गेल्यावर मापेसाहेब खुर्चीवर बसले आणि डावी-उजवीकडे झुलून बघितलं. घुर्रर्र. त्यांनी पुन्हा एकदा, शास्त्रशुद्धपणे, मागच्या पायांवर भार देऊन बघितलं. घुर्रर्र, आणि शेवटी पुक्. जन्मभर अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवून तपासणाऱ्या त्या माणसाच्या अंगावर काटा आला.

“अगं, ऐक. शनिवारी तू ह्या खुर्चीवर बसायचं. आवाज आला की खुर्ची.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “पुन्हा झुला.”

ते झुलले.

“खर्ज थोडा कमी पडतो,” बाई म्हणाल्या. “पण ह्या लोकांचे कान काही फार तयार नाहीत. चालेल.”

म्हणजे बाई जाणार! मापेसाहेबांनी त्या दिवशी चहा केला तो दोनदा केला, कारण पहिल्यात साखर किती घातली ते विसरले, आणि ही त्यांच्या लौकिकाला शोभणारी गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंना तपासणीला न्यायचं होतं. नळाला गळती होती, म्हणून मापेसाहेब किल्ली दुरुस्तीकाकांकडे ठेवून गेले. नळाकडे बघा, एवढंच म्हणाले. परत आले तो दुरुस्तीकाका दारातच उभे, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान. नळ तसाच गळत होता. खुर्चीला मात्र सरस, स्क्रू, चारी कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या आणि पायांखाली फेल्टचे गोल तुकडे लागलेले होते.

“काल बाईंसमोर फार कसंतरी वाटलं हो मला. आता बसा! हत्ती बसला तरी ब्र काढायची नाही.”

मापेसाहेब बसले. खुर्चीने ब्र काढला नाही.

“आभारी आहे,” बाई म्हणाल्या, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून एवढंच ऐकू आलं, “शनिवारचं रद्द.”

चांगल्या शेजाऱ्यासारखा दुसरा शत्रू नाही. शत्रूला निदान आपण किल्ली देत नाही. मापेसाहेबांनी घरी पेचकस फिरवून बघितला, पण दुरुस्तीकाकांचं काम कच्चं नसे. पेचकस फिरला, स्क्रू नाही. शेवटी खुर्ची खांद्यावर मारून ते सुताराकडे गेले.

“काय करायचंय?” सुताराने खुर्ची चारी बाजूंनी पाहिली. “चांगली आहे की.”

“तेच तर. ती जरा कुरकुरली पाहिजे.”

सुताराने पेन्सिल कानावरून काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. “साहेब, लोक माझ्याकडे कुरकुर घालवायला येतात.”

“मला घालून हवी आहे. थोडी खोट घाला. सांधे ढिले करा.”

“आणि उद्या कुणी पडलं तर? नाव माझं जाईल.”

खोट घातली की नाव जातं, हे मापेसाहेबांनी आयुष्यात कित्येक दुकानदारांना ऐकवलं होतं, ते स्वतःला ऐकून घेताना त्यांचे कान तापले. शेवटी आपलं नाव कुणाला सांगायचं नाही या बोलीवर सुतार तयार झाला. संध्याकाळी खुर्ची कुरकुरली, पण उंदीर शेपटीवर पाय पडल्यावर ओरडेल तशी.

“हा नाही आवाज. खर्जातला पाहिजे.”

“खर्जातला म्हणजे कसा? काढून दाखवा.”

दुकानात तेव्हा दार करून घ्यायला आलेलं एक जोडपं होतं, पाट घ्यायला आलेल्या एक बाई होत्या आणि लाकडाचा भुसा न्यायला आलेला कुंभार होता. मापेसाहेबांनी घसा खाकरला. मग सरकारी अधिकाऱ्याचं सगळं गांभीर्य चेहऱ्यावर ठेवून त्यांनी तोंडाने तो आवाज काढला. शेवटच्या ‘पुक्’सकट. जोडप्यातल्या नवऱ्याने बायकोला दुकानाबाहेर नेलं. कुंभार जवळ येऊन हळूच म्हणाला, “साहेब, ओवा खाऊन बघा.” सुताराने मात्र तीन-चार वेळा आवाज काढायला लावला, कान देऊन ऐकलं, आणि पायाच्या खाचेत पटाशी घातली. नमुन्याबरहुकूम माल मिळाला. बाईंनी खोलीचं दार उघडून ऐकला आणि मान हलवली. शनिवार पुन्हा कायम झाला.

मग वाचनालय आडवं आलं. ग्रंथपालबाई नियमाच्या पक्क्या. बाहेरचं फर्निचर आत आणायचं तर कारण हवं. कारण वैद्यकीय असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. आणि परत नेताना खुर्ची वाचनालयाची नाही हे आताच लिहून ठेवायला हवं. मापेसाहेब रागावले नाहीत. नियम पाळायला लावणारं माणूस त्यांना आवडायचं, फक्त ते आपल्याला आडवं येऊ नये एवढीच अपेक्षा असायची. सर्जनने चिठ्ठी दिली. ‘रुग्णाला तिच्या पसंतीच्या खुर्चीवर बसू द्यावे,’ असं त्याने लिहिलं होतं म्हणे. ग्रंथपालबाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली, एक अक्षर लागेना तेव्हा अस्सल आहे म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

शनिवारी खुर्ची भर रस्त्यातून न्यायची होती. ती नीट धरली नाही तर आवाज खर्च होईल अशी मापेसाहेबांना भीती, म्हणून त्यांनी ती पोटाशी कवटाळली होती. बाई हळूहळू, त्यांच्या शेजारून. औषधाच्या दुकानदाराने रस्त्यापलीकडून हाक मारली.

“मापेसाहेब! बसायला त्रास होतोय का? त्याला गोल उशी मिळते माझ्याकडे, मधे भोक असलेली! मूळव्याधीला रामबाण!”

रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. खरं कारण सांगायचं तर बाईंचं गुपित फुटणार, आणि न सांगावं तर मूळव्याध पदरात पडणार. मापेसाहेबांनी मूळव्याध पत्करली. “नंतर नेतो,” म्हणाले. वाचनालयाच्या पायऱ्यांपर्यंत आणखी दोघांनी त्यांना तिखट बंद करायला सांगितलं. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगेत जवळजवळ बहिरे निवृत्त पोस्टमास्तर, त्यांच्या मागे दुरुस्तीकाका, दार अडवून औषधवाला. तोही दुकान नोकरावर टाकून आला होता. नायिका उठून उभी असल्याचं गावभर झालं होतं. बाई बसल्या. खुर्ची घुरघुरली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. आणि तेवढ्यात ग्रंथपालबाई पुढे आल्या.

“छे, छे! बाईंना असल्या मोडक्या खुर्चीवर? इतक्या दिवसांनी आल्यात त्या. माझी गादीची खुर्ची घ्या!”

“नको हो, मला हीच…”

“काही ऐकायचं नाही मी.”

टाळ्या पडल्या. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या प्रेमापुढे बाईंना काही बोलता येईना. गादीची खुर्ची आली. ती फोमची, नवीकोरी, पापी मुकी खुर्ची होती. कुरकुरणारी खुर्ची भिंतीकडेला सरकवून, मापेसाहेबांना त्रास आहे असं औषधवाल्याने आधीच सांगितलेलं असूनही, तिच्यावर त्यांनाच बसवण्यात आलं.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. पण सगळे बघत होते, तेव्हा त्यांनी चष्मा चढवला आणि पुस्तक उघडलं. मापेसाहेबांनी मनात हिशेब केला. अजून सगळं हातचं गेलेलं नाही. आवाज तिकडे आला की त्याच क्षणी आपण इकडे झुलायचं. फक्त वेळ साधायला हवी. ते खुर्चीच्या कडेवर, पळायच्या पवित्र्यात बसले.

बाई वाचू लागल्या. पहिल्या दोन ओळी आवाज कापरा होता, मग तो हळूहळू पूर्वीचा झाला. सभागृह गप्प झालं. थाप पुन्हा पडली. नायिकेने दिवा उचलला. “तिने कडी काढली. दारात—” बाई नेहमीप्रमाणे थांबल्या. असं थांबून लोकांचा जीव टांगणीला लावण्यात त्यांचा हातखंडा होता.

दारात कोण होतं ते राहिलं बाजूला. त्या शांततेत भाडेकरू बोलला. घुर्रर्र. पुक्.

सगळ्या माना वर झाल्या. मापेसाहेबांनी होतं नव्हतं ते वजन डावीकडे टाकलं. सुताराने खोट घातली होती ती एका घुरघुरीपुरती. एवढ्या निष्ठेपुरती नव्हती. कडाडकन पाय निघाला, पाठोपाठ पाठ निघाली, आणि मापेसाहेब पुस्तकांचा एक रचलेला ढीग घेऊन जमिनीवर आले. एकच गलका झाला. “माझ्या पट्ट्या कुणी काढल्या?” म्हणत दुरुस्तीकाका पाना काढून धावले. “उशी आणा, उशी!” औषधवाला ओरडला. मापेसाहेब मात्र खाली पडल्यापडल्या, उजव्या हाताने, खुर्चीकडे बोट दाखवत होते.

टेबलावर टक्टक् झाली. शाळेत जशी व्हायची तशीच.

“बसा सगळे.”

सगळे बसले. मापेसाहेब होते तिथेच बसले.

“पहिला आवाज खुर्चीचा नव्हता,” बाई म्हणाल्या. “माझा होता. माझं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. पोटावर पिशवी लावलेली आहे. तिच्यात वारा येतो तेव्हा आवाज होतो, तो मला थांबवता येत नाही. हे प्रकरण संपेपर्यंत आणखी एकदोनदा होईल. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ता हसून घ्यावं. मधे हसलेलं चालणार नाही मला.”

कुणी हसलं नाही. ग्रंथपालबाई डोळे पुसायला लागल्या. आणि त्या शांततेत पोस्टमास्तर बहिऱ्यांच्या खास मोठ्या आवाजात शेजाऱ्याला म्हणाले, “दारात कोण आहे म्हणाल्या?”

मग मात्र सभागृह फुटलं. बाईही हसल्या, हसता हसता त्यांना पोटावर हात धरावा लागला, टाके दुखतात म्हणून. नंतर त्यांनी ते प्रकरण पूर्ण वाचलं. भाडेकरू मधे दोनदा बोलला. दुसऱ्या वेळी पोस्टमास्तर सोडून सगळ्यांनी ऐकलं आणि कुणी मान वळवली नाही.

घरी जाताना दोघं सावकाश चालली होती. मागून दुरुस्तीकाका खुर्चीचे अवशेष घेऊन येत होते आणि ती पुन्हा पक्की कशी करता येईल ते स्वतःशीच बोलत होते.

“सांगायचंच होतं तर मला सुताराच्या दुकानात तोंड वाजवायला कशाला लावलंस?” मापेसाहेब म्हणाले. त्यांचं कंबरडं दुखत होतं आणि मान त्याहून.

“सांगायचं नव्हतंच. तुम्ही पडलात आणि तरी त्या खुर्चीकडे बोट दाखवत बसलात. आधी मूळव्याध घेतलीत अंगावर, त्यात हे. म्हटलं, आता आणखी काय काय ओढवून घेतील कोण जाणे.” थोडं चालून त्या म्हणाल्या, “तुम्हाला लाज नाही वाटत हो, त्या आवाजाची?”

मापेसाहेबांनी आधी दुरुस्तीकाका किती मागे आहेत ते वळून पाहिलं.

“मला आवडतो तो,” मग म्हणाले. “दवाखान्यात तो येईना ना, तेव्हा मला वाटलं होतं तू चाललीस. मग आला. अजूनही घरात आला की बरं वाटतं. आत सगळं चालू आहे म्हणायचं.”

“इतके दिवस बोलला नाहीत ते?”

“सांगायची गोष्ट आहे का ती?”

बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला आणि तसाच धरून चालत राहिल्या. फाटकापाशी आल्या तेव्हा गल्लीत सगळं शांत होतं. रस्त्याने जाणारे एक अनोळखी गृहस्थ नेमके जवळून चालले होते, आणि भाडेकरूने तोंड उघडलं. घुर्रर्र. पुक्. गृहस्थ थबकले, आणि त्यांनी दोघांकडे संशयाने पाहिलं.

“आमच्याच घरातला आहे,” मापेसाहेब म्हणाले, आणि बाईंसाठी फाटक उघडून धरलं.